बारा मिनिटं पाणी

दिवसा मी गोळ्या मोजते.
गावातलं एकुलतं औषधांचं दुकान माझं,
आणि काउंटरखालच्या खणात, पावतीपुस्तकाशेजारी,
आठ दगड.
गिऱ्हाईक नसलं की एखादा मुठीत धरते.
वरून गुळाच्या ढेपेसारखा तपकिरी,
फोडला तर आत काळपट हिरवा, सापाच्या पाठीसारखा.
हा समुद्राच्या तळाच्याही खालचा.
नऊ-साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी
एक अख्खा सागरतळ वाट चुकला,
बुडायचं सोडून ओमानवर चढून बसला,
आणि आमच्या वाडवडिलांनी त्या डोंगरांना
नाव दिलं हजर.
म्हणजे दगड. बस्स, एवढंच.

रीतसर मी यातलं काही शिकले नाही.
एका हिवाळ्यात भोकं पाडायची यंत्रं घेऊन काही माणसं आली,
डोकेदुखीच्या गोळ्या नेल्या,
जाताना नळीसारखा कापलेला दगड ठेवून गेली.
त्यात पांढऱ्या शिरा.
हा हवेतला कार्बन पितो, म्हणाली,
आणि असा पांढरा पडत जातो.
त्या रात्री झोप लागली नाही.
श्वास घेणाऱ्या डोंगराच्या पायथ्याशी
इतकी वर्षं आपण घोरत होतो.

मग खलफान आला, डोळ्यांत घालायचे थेंब मागायला.
‘झुवैना, ताऱ्यांना केस फुटलेत.’
फलजचं पाणी वाटणारा हा माणूस.
रात्रीच्या पाळ्या ताऱ्यांवर:
अमका कड्याच्या खाचेआड गेला
की याच्या शेताचं तोंड बुजवायचं, त्याच्या शेताचं उघडायचं.
मनगटावर घड्याळ आहे, नातवानं दिलेलं.
त्यावर तो औषधाची वेळ बघतो.
मोतीबिंदू, मी म्हटलं. मस्कतला जा.
‘आणि पाणी?’

तेव्हापासून माझ्या गच्चीवर
एका अंगाला दुर्बीण, एका अंगाला खलफान.
थुरय्या गेली?
अजून नाही.
गेली?
कड्याला टेकलीय. शेवटची ठिणगी उरलीय.
आता?
आता.
तो खाली हाळी देतो,
आणि अंधारात गैथ चिंध्या ओढून दगड सरकवतो.

चुकले त्या रात्री
गुरूचा एक चंद्र सावलीतून बाहेर यायचा होता.
गेली? खलफाननं विचारलं.
थांब, मी म्हटलं.
गेली का गं?
थांब ना.
काळ्यातून आधी काहीच नाही, मग सुईच्या टोकाएवढं,
मग नक्की.
मी डोळा काढला तेव्हा खाच रिकामी होती,
कधीची.

पहाटे रय्या आली, फावड्यासकट.
‘माझं बारा मिनिटं पाणी
मुहन्नाच्या लसूणघासात गेलं.
नाही, तुझ्या दुर्बिणीत गेलं.’
खलफान म्हणाला, चूक माझी.
मी म्हटलं, माझी.
ती म्हणाली, चुकीवर खजूर पिकत नाही.

माझ्या तीन लिंबांच्या वाट्यातलं बारा मिनिटं
मी तिला लिहून दिलं.
तरी पुढच्या पाळीला ती गच्चीवर हजर,
कॉफीचा थर्मास घेऊन, राखणीला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग फावड्याची माती झटकत:
‘दाखव. कुठं गेलं माझं पाणी ते तरी बघू.’

वाकली. श्वास धरला.
भिंगावर तिची वाफ आली, मी पुसली, परत वाकली.
‘हे ठिपके?’
चंद्र त्याचे. यातून चार दिसतात.
‘आणि यांच्या पाळ्या कोण ठरवतं?’

मी उत्तर जुळवत होते,
वजन, ओढ, वेग,
सगळे शब्द होते माझ्याकडे,
आणि एकही तिच्या शेतापर्यंत पोचेना.
तेवढ्यात तिनंच मान वर केली,
उघड्या डोळ्यांनी कड्याकडे पाहिलं.
‘खलफान, गेली. आत्ता.’

हाळी. दगडाचा खरखराट.
पाण्याचा आवाज डावीकडचा उजवीकडे गेला,
डोंगराच्या कोणत्या फटींतून किती वर्षं झिरपत आलेलं ते,
मला अजून ठाऊक नाही.
रय्या कान देऊन ऐकत राहिली,
आपल्या पहिल्या झाडापर्यंत, दुसऱ्या,
तिसऱ्यापर्यंत.
मग थर्मास माझ्या हातात दिला.
‘सरक जरा.
तो चौथा मघाशी नीट दिसला नाही.’